अर्धशिशी, फिट आणि झोपेतला अचानक मृत्यू: मेंदूतल्या एका लाटेची गोष्ट

आज आपण दोन ओळखीच्या आजारांबद्दल बोलणार आहोत, आणि तिसऱ्या एका गोष्टीबद्दल, जिचं नावही बऱ्याच घरांत पोचलेलं नसतं. ओळखीचे आजार म्हणजे अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, आणि अपस्मार, म्हणजे फिट येणं. आकडी, फेफरं, मिरगी ही सगळी त्याचीच नावं. तिसरी गोष्ट म्हणजे ‘सुडेप’. ‘सडन अनएक्स्पेक्टेड डेथ इन एपिलेप्सी’ या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचा हा शब्द. फिटचा आजार असलेली एखादी व्यक्ती, एरवी बरी असलेली, अचानक दगावते. बुडालेली नसते, डोक्याला मार नसतो, तासभर चाललेली फिट नसते, आणि शवविच्छेदनातही मृत्यूचं कारण सापडत नाही. बहुतेक वेळा हे रात्री, झोपेत घडतं आणि सकाळी लक्षात येतं.

हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. घाबरवायला नाही. हा धोका बराचसा कमी करता येतो, पण त्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो. आणि तो का निर्माण होतो हे कळलं, की डॉक्टर “गोळी चुकवू नका” असं का म्हणतात, ते नुसतं पाठ न होता पटतं.

सशाच्या मेंदूतली शांतता

सुरुवात 1944 पासून करू. अरिस्तीदेस लिआंव नावाचा ब्राझीलचा तरुण संशोधक अमेरिकेत हार्वर्डला काम करत होता. त्याला फिट मेंदूत कशी पसरते ते बघायचं होतं. त्याने सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य झटका दिला आणि आता विजेचं वादळ उठेल म्हणून वाट बघितली. झालं उलटंच. झटका दिला तिथली विद्युत हालचाल मंदावली, जवळजवळ थांबली, आणि ती शांतता हळूहळू शेजारच्या भागात सरकत गेली. काही मिनिटांनी मागचा भाग पुन्हा पूर्ववत झाला. लिआंवने याला ‘स्प्रेडिंग डिप्रेशन’, म्हणजे पसरत जाणारी मरगळ, असं नाव दिलं. मनाच्या नैराश्याशी याचा संबंध नाही, हे लगेच सांगून ठेवतो.

या शांततेचा वेग होता मिनिटाला साधारण 2 ते 5 मिलिमीटर. मज्जातंतूतला संदेश एका सेकंदात कितीतरी मीटर जातो. त्या मानाने ही लाट म्हणजे गोगलगाय.

आता दुसरी गोष्ट जोडा. त्याआधी तीन वर्षं, 1941 साली, कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या अर्धशिशीची नोंद प्रसिद्ध केली होती. डोकं दुखायच्या आधी त्याला डोळ्यांसमोर नागमोडी, चमकणारी रेघ दिसायची. ती नजरेच्या मध्याजवळ सुरू व्हायची आणि पसरत पसरत कडेला जायची. मागे राहायचा तो भाग काही वेळ दिसतच नसे. लॅशलीने तिची चित्रं काढली, वेळ मोजला आणि गणित मांडलं: मेंदूत जे काही सरकतंय ते मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने सरकत असणार. म्हणजे 20 मिनिटांत 6 सेंटिमीटर.

दोन्ही आकडे जुळतात, नाही का? पण एक आकडा सशाचा, दुसरा माणसाचा. दोन्ही लाटा एकच असाव्यात ही कल्पना 1950 च्या दशकात ठळकपणे मांडली गेली, पण जिवंत माणसात तशी लाट सरकताना बघायला 2001 उजाडावं लागलं. तेव्हा एमआरआय मशीनमध्ये असताना अर्धशिशीची पूर्वसूचना आलेल्या रुग्णाच्या दृष्टिकेंद्रात तसाच बदल सरकताना टिपला गेला, मिनिटाला साधारण साडेतीन मिलिमीटर वेगाने. या पूर्वसूचनेला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. मायग्रेन असलेल्या सगळ्यांना ऑरा येत नाही, अंदाजे चारातल्या एकाला किंवा तिघांतल्या एकाला येतो.

टाकी आणि पंप

ही लाट म्हणजे नेमकं काय, हे समजायला आपल्या सोसायटीची गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालचा पंप पाणी वर चढवतो. टाकी भरलेली असते म्हणून नळ फिरवला की पाणी येतं. नळाला स्वतःची ताकद नसते. ताकद वर साठवलेल्या पाण्याची असते.

मेंदूतल्या प्रत्येक पेशीत असाच एक पंप आहे. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत आणि बाहेर विजेचा फरक तयार होतो, साधारण 70 मिलिव्होल्टचा. ही आपली भरलेली टाकी. पेशीच्या भिंतीत छोटी दारं असतात, त्यांना ‘चॅनल’ म्हणतात. ते आपले नळ. नळ क्षणभर उघडला की संदेश जातो. पंप मात्र अखंड चालू ठेवावा लागतो. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण तो ऊर्जा खातो 20 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा या पंपाचा असतो.

आता तीन अवस्था बघा. एरवी पेशींच्या बाहेरच्या द्रवात पोटॅशियम फार कमी असतं, लिटरमागे सुमारे 3 मिलिमोल. फिट येते तेव्हा हजारो पेशी एका तालात संदेश सोडत सुटतात. सगळ्या घरांचे नळ एकदम उघडे. बाहेरचं पोटॅशियम वाढून 10 ते 12 पर्यंत जातं, पण पंप आणि आजूबाजूच्या मदतनीस पेशी जेमतेम पुरे पडतात, आकडा सहसा त्याच्या वर जात नाही. टाकीत अजून पाणी आहे, म्हणून तर वादळ चालू राहू शकतं.

तिसरी अवस्था म्हणजे लिआंवची लाट. इथे पंप हरतो. पोटॅशियम 30 च्या पलीकडे, कधी त्याहून बरंच वर जातं. पेशीच्या आतबाहेरचा विजेचा फरक जवळजवळ शून्यावर येतो. टाकी रिकामी. आता नळ कितीही फिरवा, संदेश जाणारच नाही. म्हणून शांतता. आणि बाहेर सांडलेलं पोटॅशियम, सोबत ग्लुटामेट हे रसायन, शेजारच्या पेशींचेही नळ उघडतं. त्यांचीही टाकी रिकामी होते. अशी लाट पुढे सरकते. म्हणूनच आता तिला ‘स्प्रेडिंग डीपोलरायझेशन’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘लाट’च म्हणू या.

मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, अशी लाट आली तर रक्तपुरवठा नीट असताना पंप काही मिनिटांत टाकी पुन्हा भरतो. पेशी मरत नाहीत. ऑरा येतो, जातो, आणि लाटेमुळे मेंदूच्या आवरणातल्या वेदना वाहणाऱ्या नसा चाळवल्या जाऊन मागून डोकं दुखू लागतं. त्रास खूप होतो, पण जीव जात नाही.

म्हणजे फिट आणि ही लाट एकमेकांच्या उलट आहेत. एकीत पेशी अति बोलतात, दुसरीत गप्प होतात. तरी दोन्हींची वाट एकच: पोटॅशियम साचणं. त्यामुळे एकीतून दुसरी निघू शकते. उंदरांमध्ये तर असंही दिसलं आहे की फिटच्या शेवटी कॉर्टेक्समध्ये उठणारी लाट ती फिट विझवायला मदत करते. हे 2021 चं काम. म्हणजे लाट ही मुळातच वाईट असं नाही. ती कुठे पोचते, हा प्रश्न आहे.

जनुकांनी दिलेला पुरावा

अर्धशिशी आणि फिट यांचं नातं असल्याचा सगळ्यात ठोस पुरावा एका दुर्मीळ आजारातून आला. काही घराण्यांमध्ये अर्धशिशीच्या झटक्यात अर्ध अंग तात्पुरतं लुळं पडतं. त्याला ‘फॅमिलिअल हेमिप्लेजिक मायग्रेन’ म्हणतात. त्यामागची तीन मुख्य जनुकं सापडली. 1996 मध्ये ‘सीएसीएनए1ए’, हे कॅल्शियमच्या दाराचं. 2003 मध्ये ‘एटीपी1ए2’, हे चक्क पंपाचं, तेही मदतनीस पेशींमधल्या. आणि 2005 मध्ये ‘एससीएन1ए’, हे सोडियमच्या दाराचं. नळ, पंप, नळ.

यातलं तिसरं जनुक फिटचे डॉक्टर आधीपासून ओळखत होते. त्याच जनुकातल्या बिघाडामुळे ‘द्रावे सिंड्रोम’ होतो. त्यात बाळाला पहिल्या वर्षातच, बऱ्याचदा तापात, लांबलेल्या फिट येऊ लागतात, आणि या मुलांमध्ये अचानक मृत्यूचा धोका इतर रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त असतो. फरक असा, की द्रावेमध्ये हे दार सहसा निकामी होतं आणि मेंदूला आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. मायग्रेनवाल्या घराण्यांत दार गरजेपेक्षा जास्त काम करतं. बिघाड उलट दिशेचे, पण जनुक एकच.

पहिल्या जनुकात ‘एस218एल’ नावाचा एक बदल आहे. तो असलेल्या लोकांना झटके येतात, काहींना फिटही येतात, आणि डोक्याला अगदी किरकोळ टक्कर बसली तरी काही वेळाने मेंदूला सूज येऊन ते बेशुद्ध होऊ शकतात, क्वचित दगावतातही. अर्धशिशी, फिट आणि अचानक मृत्यू या तिन्ही गोष्टी एकाच बदलाभोवती इथे एकत्र येतात.

इथे थांबून एक गोष्ट ठामपणे सांगतो. हे सगळे अत्यंत दुर्मीळ आजार आहेत. आपल्यातल्या ज्यांना साधी अर्धशिशी आहे, ऑरासकट असली तरी, त्यांनी यातून स्वतःच्या जिवाला धोका आहे असा अर्थ काढू नये. दुर्मीळ आजार संशोधकांना यंत्र उघडून दाखवतात, म्हणून आपण त्यांच्याकडे बघतो.

शेवटच्या काही मिनिटांत काय होतं

सुडेप घरात, रात्री होतो, त्यामुळे नेमकं काय घडतं ते कोणी पाहिलेलं नसे. 2013 मध्ये ‘मॉर्टेमस’ नावाचा अभ्यास आला. फ्रान्सचे फिलिप रिव्हलँ आणि अनेक देशांतले सहकारी यांनी, फिटच्या रुग्णांना ईईजी आणि व्हिडिओ लावून निरीक्षणाखाली ठेवणाऱ्या विभागांकडून माहिती गोळा केली. त्यात सुडेपच्या 16 घटना सापडल्या. त्यांपैकी 10 मध्ये श्वास आणि हृदय दोन्हींची नोंद तपासता आली.

क्रम सगळ्यांत सारखा होता. आधी सर्वांगाची फिट. ती संपल्यावर काही वेळ भराभर श्वास. मग तीन मिनिटांच्या आत श्वास आणि हृदय दोन्ही ढासळतात. काहींमध्ये थोडं सावरून पुन्हा ढासळतात. शेवटी श्वास कायमचा थांबतो आणि त्यानंतर हृदय. या सुमारास ईईजीची रेघ सपाट झालेली होती. पूर्वी अनेकांना वाटायचं की आधी हृदयच बंद पडत असावं. या नोंदींनी श्वासाकडे बोट दाखवलं. आणि आणखी एक गोष्ट: श्वास थांबल्यावर लगेच, पहिल्या तीन मिनिटांत मदत सुरू झाली तिथे रुग्ण वाचण्याची शक्यता जास्त होती.

श्वास कुठून चालतो? मेंदूच्या अगदी तळाशी, मानेच्या वर, अंगठ्याएवढा ब्रेनस्टेम असतो. त्याचा खालचा भाग, मेड्युला, श्वासाची लय ठेवतो, रक्तदाब आणि हृदयाची गती सांभाळतो. मग प्रश्न असा, की फिटनंतर मेड्युलाची टाकी रिकामी होते का?

2015 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये इसामु ऐबा आणि जेफ्री नोबेल्स यांनी हे तपासलं. त्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात फिट आणि अचानक मृत्यू घडवणारे जनुकबदल होते. एका गटात पोटॅशियमच्या दाराचा बदल, दुसऱ्यात आपल्या ओळखीच्या एससीएन1एचा. या उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये फिट सुरू केल्यावर मेड्युलात ती लाट आली, आणि श्वास व हृदय दोन्ही थांबले. निरोगी उंदरांमध्ये तशीच फिट घडवली तरी मेड्युला टिकून राहिली. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटांनी एस218एल बदल असलेल्या उंदरांमध्येही मेड्युलातली लाट आणि थांबलेला श्वास यांची सांगड दाखवली.

म्हणजे चित्र असं आहे. प्रौढ मेंदूत ब्रेनस्टेमला सहसा अशी लाट सहज येत नाही, तो भाग चिवट असतो. पण ज्यांच्यात नळ किंवा पंप मुळात कमकुवत आहेत, किंवा फिट फार जोरदार आहे आणि ऑक्सिजनही घसरलाय, तिथे बांध फुटू शकतो. कॉर्टेक्समध्ये दहा मिनिटांची शांतता म्हणजे एक ऑरा. श्वासाच्या केंद्रात तीच शांतता म्हणजे श्वासच नाही. श्वास नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, ऑक्सिजन नाही म्हणजे पंपाला ऊर्जा नाही, आणि पंप नाही म्हणजे टाकी भरायची कशी? हे दुष्टचक्र आहे.

माणसाच्या मेड्युलात सुडेपच्या क्षणी अशी लाट थेट नोंदवली गेलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. डोक्यावर लावायच्या नेहमीच्या ईईजीत इतका संथ बदल गाळला जातो, आणि मेड्युला तर खोल तळाशी. शिवाय ही लाट हा एकमेव मार्ग नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये दाखवलं, की फिट ‘अमिग्डला’ या भागात शिरली की श्वास थांबू शकतो, आणि रुग्णाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. श्वासाची धाप जागवणाऱ्या सेरोटोनिन पेशी फिटनंतर मंदावतात, हाही एक धागा आहे. बहुधा यातल्या एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र येत असाव्यात.

मग आपण काय करायचं?

आकडा आधी. फिटचा आजार असलेल्या 1000 प्रौढांमागे वर्षाला साधारण 1 सुडेप. म्हणजे बहुसंख्य रुग्णांना हा धोका कमी आहे. पण तो सगळ्यांना सारखा नाही. ज्यांना वर्षातून तीन किंवा जास्त वेळा सर्वांगाची फिट येते, त्यांचा धोका सुमारे 15 पट असतो. रात्रीच्या फिट, एकटं झोपणं, पालथं पडलेलं असणं, यानेही तो वाढतो.

आता टाकीचं चित्र आठवा. प्रत्येक सर्वांगाची फिट म्हणजे पंपाची कसोटी. फिटच आली नाही तर लाटेला निमित्त मिळत नाही. योग्य औषधाने 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. म्हणून गोळी वेळेवर घेणं हाच सुडेपवरचा सध्याचा सगळ्यात मोठा उपाय आहे.

आणि आपल्याकडे गोळी का चुकते? संपली, गावी गेलो, बरं वाटतंय म्हणून सोडली, ही कारणं आहेतच. पण एक कारण उघडपणे बोललं जात नाही. लग्नात आजार लपवला जातो. मग सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, आणि एक दिवस त्या बंद होतात. 1999 साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हा शब्द काढून टाकला गेला. कायद्याने हा आजार लग्नाआड येत नाही. लपवलेली गोळी मात्र जिवाआड येऊ शकते.

फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, यातलं काही नको. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर 108 ला फोन करा. आणि फिट थांबली की “झालं आता, झोपू दे त्याला” म्हणून निघून जाऊ नका. धोक्याची मिनिटं नेमकी तेव्हाच सुरू होतात. कुशीवर ठेवा, हाक मारा, हलवा, श्वास बघत राहा, नीट शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. श्वास थांबला तर लगेच सीपीआर सुरू करा आणि 108 ला बोलवा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मला ऑरासह मायग्रेन आहे. मला फिट येऊ शकते का?*
दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असण्याचं प्रमाण योगायोगापेक्षा थोडं जास्त आहे, पण मायग्रेन असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी फिट येत नाही. पूर्वसूचना मिनिटागणिक हळूहळू पसरत असेल तर ती सहसा मायग्रेनची असते. फिटची लक्षणं सेकंदांत येतात. ऑरा तासाहून जास्त टिकला, किंवा पहिल्यांदाच हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मात्र थांबू नका, तो पक्षाघात असू शकतो.

*दोन्ही आजारांना एकच गोळी कशी चालते?*
टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट ही फिटची औषधं मायग्रेन टाळायलाही देतात. उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांमध्ये ती दीर्घकाळ दिल्यावर कॉर्टेक्समधली लाट उठणं अवघड झालं, असं 2006 मध्ये दिसलं. मात्र गरोदरपणात दोन्ही औषधं बाळाला घातक ठरू शकतात, व्हॅलप्रोएट विशेषतः. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, पण गोळी मनाने बंद करू नका.

*मुलाला हे सगळं सांगायचं का? घाबरेल ना तो.*
कळत्या वयाच्या मुलाला सांगावं, त्याला झेपेल अशा भाषेत, आणि शक्यतो डॉक्टरांसोबत. पुढच्या भेटीत एवढं विचारा: “आमच्या मुलाला सुडेपचा धोका किती आहे आणि तो कमी करायला आम्ही काय करू?” प्रश्न विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर कळलं की रात्री खोलीत कोणी झोपायचं, गोळीची आठवण कोण ठेवणार, हे घरातले सगळे मिळून ठरवू शकतात.